तांदळाचा दगड

मंजुषाच्या पर्समध्ये लिपस्टिक नसे, पण एक भिंग, सहा इंची पट्टी आणि पाण्याची बाटली हमखास असे. बाटली स्वतःला प्यायला नव्हे, दगडांना पाजायला. कोरड्या दगडावर धूळ बसलेली असते, तो काही बोलत नाही. वर ओंजळभर पाणी पडलं की कण न् कण उघडा होतो. हे तिला नाशिकच्या कॉलेजात तिच्या सरांनी शिकवलं होतं आणि पुढं तिथंच तिनं ते पाच वर्षं पोरांना शिकवलं. मग नवऱ्याला, हृषीकेशला, राखोलीच्या एका कारखान्यात मॅनेजरची नोकरी लागली, बिऱ्हाड सिल्वासाला आलं आणि बाईंचं शिकवणं सुटलं. पण जित्याची खोड ती. बाजारात भाजी घ्यायला गेली तरी ही बाई पिशवी खाली ठेवून दुकानाची पायरी निरखत बसायची, आणि दुकानदाराला वाटायचं, हिचं काहीतरी पडलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिनं रविवारची फेरी काढली. सकाळी सात वाजता, चालायची तयारी असेल त्यानं यावं. पहिल्या दिवशी चौघं आली, त्यातला एक हृषीकेश, तोही जांभया देत. वाढत वाढत ती पंधरा-वीस झाली: पुण्या-मुंबईचे साहेब लोक, गलोंड्याच्या कंपन्यांतली धुळ्या-जळगावकडची पोरं, दोन शाळामास्तर. सिल्वासात कारखान्यांशिवाय आहे काय, असं कुणी म्हणालं की मंजुषा भर रस्त्यात त्याची खरडपट्टी काढायची. बँकेच्या पायऱ्यांचा ग्रॅनाइट दक्षिणेतून आलाय, देवळातला संगमरवर राजस्थानातून, आणि तुमच्या पायाखालची खडी इथल्याच टेकड्यांची, असं ती सांगे. इथं लाव्हा थरावर थर ओतत गेला आणि मग त्या थरांना चिरत खालून नवा रस उभा चढला, हे सांगताना तिचा हात असा काही वर जाई की बघणाऱ्याला तो रस दिसावा.

शेवटचा थांबा ठरलेला होता. नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक दगडी भिंत आहे, त्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक दगड. हातभर लांब, काळाकुळकुळीत. मंजुषा त्याच्यावर बाटली रिकामी करी आणि काळ्यातून पांढरे लांबट दाणे वर येत, धुऊन ठेवलेल्या तांदळासारखे. हे फेल्डस्पारचे स्फटिक, जमिनीत खोलवर रस हळूहळू निवत असताना वाढलेले, असं ती सांगे आणि लोक आ वासून बघत. असा दगड अख्ख्या शहरात तेवढा एकच. बाकी सगळ्यांचा गावपत्ता तिला माहीत होता, ह्याचा नव्हता, आणि ते तिला डाचायचं. म्हणून रविवार नसला तरी ती एकटीच तिथं जायची, पाणी घालायची आणि भिंग लावून बसायची.

आता पुढचं ऐका. पहिल्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, तिच्या घरात पावलं उमटली.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दाराला आतून कडी. मंजुषा बैठकीत पेपर वाचत होती. पट् पट् असा बारीक आवाज आला म्हणून तिनं मान वर केली, तर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कोटाच्या लादीवर ओली पावलं. टाच, चवडा, पाच बोटं. लहान मुलाची. ओट्यापाशी ती थांबली होती आणि परत आली नव्हती. मजल्यावर एकाही घरात मूल नव्हतं. पाच मिनिटांत पावलं वाळली, आणि ती बसली होती तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी चारला तेच. तिसऱ्या दिवशीही. मग बाईतली शिक्षिका जागी झाली आणि तिनं पावलाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. फोटोत पट्टी आली, लादी आली, पाऊल काही आलं नाही. हृषीकेशला एवढंच सांगितलं की कुठून तरी पाणी येतंय. त्यानं एसीवाला बोलावला, प्लंबर बोलावला. दोघांनी माना हलवल्या, चहा घेतला आणि गेले.

त्यानंतर आठ दिवस ती साडेतीन वाजले की घराबाहेर पडायची आणि देवळात जाऊन बसायची, पाच वाजेपर्यंत. पण भीती रोज यायला लागली की ती घरातलीच होते. नवव्या दिवशी ती देवळात गेली नाही.

आणि न जाण्याचं कारण होतं. पाऊल भरलं साडेसात इंच. एवढं पाऊल साधारण सात वर्षांच्या मुलीचं. सात वर्षांपूर्वी नाशिकच्या एका दवाखान्यात मंजुषाला आठव्या महिन्यात मुलगी झाली होती. रडली नाही. नर्सनं कपड्यात गुंडाळून दोन मिनिटं हातात दिली आणि नेली. त्या दिवसापासून नवरा-बायकोनं तो विषय काढला नाही. पाळणा कुणाला दिला हेसुद्धा तिनं हृषीकेशला विचारलं नव्हतं. आता तिनं साताला सात जुळवले, आणि सगळं भूगर्भशास्त्र गेलं चुलीत. माझीच आहे, तिनं मनाशी म्हटलं. वाट चुकली होती, आता सापडली.

त्या दिवसापासून चार वाजता ओट्याखाली दूधभाताची वाटी जाऊ लागली. भात तसाच राही, शीतही हलत नसे. पण उचलून तोंडात घातला तर त्याला ना साखरेची चव ना दुधाची, माती चघळल्यासारखा. मंजुषाला ह्याचं नवल वाटेनासं झालं. ती ओट्याला पाठ टेकून खाली बसे आणि बोलत राही: आज बाजारात काय दिसलं, चाळिशीचा नंबर वाढला, बाबा कसा डबा विसरून गेला. घर बंद ठेवायला नको म्हणून तिनं नाशिकला जाणं सोडलं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली नाही. भावानं फोनवर नको नको ते सुनावलं, तेही ऐकून घेतलं. हृषीकेश बघत होता. एकदा त्यानं विचारलंही, की तू दिवसभर कुणाशी बोलतेस? कामाच्या मावशींनी सांगितलं मला. ती म्हणाली, मावशींना काय, काम नाही. त्या दिवसापासून तो घरी आला की आधी तिच्या तोंडाकडं बघायचा.

असे चार-पाच महिने गेले. होळीच्या आधीच्या रविवारी फेरीला एक नवीन बाई आली. चाळिशीची, गलोंड्याच्या एका कंपनीच्या पॅकिंग खात्याचा गणवेश अंगावर. पाळी संपवून थेट आली होती. नाव कुसुम. बँकेच्या पायऱ्यांपाशी सगळे ग्रॅनाइटला हात लावत होते तेव्हा ती मंजुषाच्या जवळ सरकली. म्हणाली, मंजुषाबेन, तुम्हाला गावातला दगडन् दगड माहीत आहे असं आमच्या सुपरवायझरनं सांगितलं. माझ्या आईचा एक दगड हरवलाय.

मंजुषाला हसू आलं. दगड काय हरवतो?

मग कुसुमनं सांगितलं. तिच्या जन्माच्या आधी तिची एक बहीण वारली होती. बापानं तिच्या नावाचा दगड उभा केला होता. दहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना कडेचे सगळे दगड कुणीतरी ट्रॅक्टरमध्ये भरून नेले, त्यात तोही गेला. कुठल्या तरी बांधकामात घातला असणार. आई आता खाटेवर आहे, फार दिवसांची नाही, आणि एकच धोशा लावून बसलीय. दगड कसा होता म्हणाल तर काळा, आणि त्याच्यात तांदूळ होते.

मंजुषानं पर्स काखेत ओढून धरली. बाटली पर्समध्ये होती, पण तिला हात लावावासा वाटेना.

"असा दगड सिल्वासात नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी फेरी देवळापाशीच संपली. पुढं रस्ता खणलाय, असं तिनं सांगितलं आणि लोकांनी मान डोलावली. सिल्वासात रस्ता खणलेला नसला तरच लोक शंका घेतील. तरीही कुसुमनं फोन नंबर लिहून दिला. घर वासोण्याच्या अलीकडे, चढावर, कुणीही दाखवील.

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही. पुढचे आठ दिवस मंजुषाला घास गोड लागला नाही. त्यात पावलांची तऱ्हा बदलली. आता ती ओट्यापाशी जात नव्हती. मंजुषा जिथं बसेल तिथं येऊन तिच्यासमोर दोन पावलं जोडून उभी राहायची, आणि वाळायची नाहीत. अर्धा अर्धा तास. खोलीत ओल्या मातीचा वास कोंडून राही. मी कुठं काय केलंय, मंजुषा म्हणायची, तू माझीच आहेस ना? नुसतं पाणी लादीवर पसरत जाई.

शेवटी एका दुपारी ती रिक्षा करून निघाली. स्वतःची समजूत अशी घातली की नुसतं बघून येऊ. दुसराच दगड निघेल, मग जिवाला घोर नाही.

घर कुडाचं, अर्धं पक्कं. कुसुम कामावर जायच्या तयारीत होती. मंजुषाला बघून तिला आनंद झाला आणि तोच मंजुषाला जास्त लागला. आत खाटेवर कोंडाबाई होती, मूठभर उरलेली, पण डोळे लख्ख. लांबून वासोण्याच्या सफारी पार्कातला सिंह ओरडला. घरात कुणी मानही वर केली नाही. त्यांना रोजचंच ते.

कोंडाबाई सावकाश बोलत होती, मधे मधे दम घेत. थोरलीचं नाव दुर्गा. सात वर्षांची होती तेव्हा तापानं धरली. जाणत्या माणसांनी सांगितलं, तापात पाणी द्यायचं नाही. पोर तीन दिवस पाणी मागत होती. हंडा समोर, आणि आईनं तिला थेंब दिला नाही, कारण आईला तिला जगवायचं होतं. चौथ्या दिवशी ती गेली. ओठ फुटले होते. बाप, नथू, महिनाभर डोंगरात हिंडला आणि हा दगड पाठीवर घेऊन आला. पोरीला निदान तिथं तांदूळ दिसू देत, म्हणाला. तेव्हापासून ह्या घरात रीत पडली की आधी दगडाला पाणी, मग माणसांना भाकर. दुसरीकडं असं करतात की नाही ते तिला माहीत नव्हतं, त्यांच्या घरात असं होतं. पाणी घातलं की दुर्गा येते. ज्याच्या हातचं पाणी, त्याच्या घरी ती जाते.

धरणाचं पाणी गावात चढलं तेव्हा जातं राहिलं, दारं राहिली, पण दगड गाडीत घालून इथं आणला. रस्तेवाल्यांनी तो नेल्यावरही कोंडाबाई उंबऱ्यावर पाणी ओतत राहिली, आणि दुर्गा येत राहिली, कारण दगडाला दुसऱ्या कुणी पाणी दाखवलं नव्हतं. गेल्या दिवाळीपर्यंत आली. मग यायची बंद झाली.

मंजुषा मांडीवरच्या पर्सला घट्ट धरून बसली होती. दिवाळी. पहिली फेरी. पाच महिने ती लोकांना विज्ञान शिकवत होती आणि एका तहानलेल्या पोरीला हाक मारत होती, आणि पोर आली तर तिला आपली म्हणून ठेवून घेतलं होतं. तिला पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात म्हातारीची नजर तिच्यावरून सरकून मागं दारावर गेली आणि तिथंच खिळली. मंजुषानं वळून पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर दारातून दोन ओली पावलं आत आली होती आणि अगदी तिच्या पाठीशी येऊन उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"जेवते का ती?" कोंडाबाईनं विचारलं.

मंजुषाला खोटं सुचलं नाही. "दूधभात," ती म्हणाली. "रोज."

"बरं केलंस, बाय." म्हातारीनं डोळे मिटले आणि पाणी तिच्या कानांवरून उशीत गेलं.

ती शिव्या देईल, केस धरून ओढील, ह्याची मंजुषानं तयारी ठेवली होती. ह्याची नव्हती. मग तिनं सगळं सांगून टाकलं, नाशिकचा दवाखाना, ती दोन मिनिटं, भिंतीतला दगड, कुसुमशी खोटं बोलली तेही. कुसुमनं तोंड फिरवलं. कोंडाबाईनं मात्र तिचा हात आपल्या हाडकुळ्या हातात घेतला. म्हणाली, तुझी तुला दिसली नाही, म्हणून माझी दिसली. ह्यात तुझा गुन्हा काय? पण मी आता निघाले. तिला घेऊनच जायचंय मला. ती तुझ्याकडं राहिली तर तू म्हातारी झाल्यावर कुणाच्या दाराशी उभी राहील? मला एकदा तिच्या दगडाला पाणी घालू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा भिंतीपाशी थांबली. कुसुमनं आईला जवळजवळ उचलूनच उतरवलं. मंजुषानं दगड दाखवला. उन्हानं तापून पांढुरका पडला होता, हाच तो काळा दगड असं कुणाला खरं वाटलं नसतं. कोंडाबाईनं घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं, निम्मं स्वतःच्या लुगड्यावर. काळ्यातून दाणे वर आले. म्हातारीनं दगडाला गाल लावला आणि काहीतरी बोलत राहिली, ते तिलाच ठाऊक.

भिंतीच्या पायथ्याशी, तापलेल्या सिमेंटवर, दोन ओली पावलं उमटली. मग आणखी दोन, म्हातारीच्या दिशेनं. कुसुमनं पदर तोंडात धरला. पावलं थांबली. जागच्या जागी वळली. आणि एकेक करत मंजुषाकडं आली.

म्हातारीचा चेहरा मंजुषाला बघवेना. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मंजुषाच्या आत काहीतरी आनंदानं उसळलं. माझ्याकडं आली, बघा, माझ्याकडं आली. त्या आनंदाची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

ती वळली आणि चालायला लागली. मागं पट् पट् आवाज येत होता. तिनं पाऊल उचललं, आवाजही भरभर झाला. रस्त्यानं ट्रक गेला, त्याच्या घरघरीतही तिला तो ऐकू येत होता. लहान पाय, मोठ्या माणसाबरोबर चालताना मधेच धावून गाठतात, तसे. वळणापर्यंत ती गेली. पुढं घर, ओटा, वाटी. नुसतं गप्प राहून चालत राहायचं, कुणी तिला दोष दिला नसता. म्हातारीनंही नाही.

मंजुषा थांबली. मागं पाहिलं नाही.

"दुर्गा," ती म्हणाली, "मी तुझी आई नाही."

आवाज थांबला.

"मी तुला फसवून ठेवलं. तुझी आई तिकडं उन्हात उभी आहे. तिनं पाणी आणलंय तुझ्यासाठी. जा."

मंजुषाच्या पायाशी गारवा होता तो हलेना. तिला वाटलं, आता खाली बसावं आणि म्हणावं, नको, राहा. तिनं दात आवळले. मग गारवा सुटला आणि मागं पावलं पळत गेली, शाळा सुटल्यावर पोरं पळतात तशी, लांब, आणखी लांब, भिंतीकडं. मंजुषा तिथंच रस्त्याच्या कडेला बसली. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, तिनं म्हटलं.

संध्याकाळी तिनं हृषीकेशला सगळं सांगितलं, पहिल्या पावलापासून. तो हसला नाही, डॉक्टरचं नाव काढलं नाही. पाळणा मी कुणाला दिला नाही, आईकडं माळ्यावर आहे, एवढंच म्हणाला. सात वर्षांनी पहिल्यांदा दोघं एकमेकांसमोर रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुसुमचा फोन आला. आवाजात अजून थोडी अढी होती, पण तिनं फोन केला होता. आई पहाटे गेली. त्रास झाला नाही. फक्त रात्रभर खाटेच्या अगदी कडेला, अंग चोरून निजली होती. पडेल म्हणून कुसुम तिला मधे ओढायला गेली तर रागावली.

"म्हणाली, राहू दे मला इथंच," कुसुम सांगत होती, "पोर आडवी-तिडवी झोपते, तिला जागा पुरत नाही."